पेव उघडण्यापूर्वी कंदील

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे मनाच्या आरोग्यावर जे लेख येत आहेत, ते मी नियमितपणे वाचतो. हा विषय घेतल्याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत. कारण आमच्या सांगली-मिरजेकडे मधुमेहावर आणि गुडघेदुखीवर चारचौघांत तासन्‌तास बोलणे होते, मनाविषयी मात्र कोणी तोंड उघडत नाही. परंतु या लेखांतून एक सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो आणि त्याविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. राग, असूया, भीती, लाज असे जे काही मनात येईल ते ‘नकारात्मक’ समजून बाहेर काढावे, हद्दपार करावे आणि मन स्वच्छ ठेवावे, असा तो सूर आहे. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. पस्तीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला मनुष्य आहे. पण हद्दपारीचा हा प्रयोग मी स्वतःवर सत्तेचाळीस वर्षे केलेला आहे, तेव्हा त्याचा निकाल सांगायला हरकत नसावी.

माझे बालपण हरिपुरात गेले. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव बाहेरच्यांना संगमेश्वराच्या देवळामुळे ठाऊक असते. आम्हा जुन्या माणसांना ते पेवांमुळे अधिक आठवते. सांगलीच्या पेठेत येणारी हळद साठवण्यासाठी हरिपूरच्या मातीत तीन-चार पुरुष खोल खड्डे खणलेले असत. वर तोंड एवढेसे, एक माणूस जेमतेम उतरेल इतके, आणि आत पोट मोठे. बाजूंना पाला-पेंढा लावून हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची, की वरून चालणाऱ्याला पायाखाली काही आहे याचा पत्ताही लागत नसे. आत हवा नसल्यामुळे कीड लागत नसे आणि माल वर्षानुवर्षे टिकत असे. माझे वडील हळदीच्या पेठेत तोलाईदार होते. त्यांच्याबरोबर मी पेव उघडताना अनेकदा पाहिले आहे. तोंड मोकळे केल्याबरोबर कोणी आत उडी घेत नसे. पेव काही वेळ तसेच उघडे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचा आणि काठावर ओणवे होऊन पाहत राहायचे. ज्योत विझली तर आतली हवा माणसाला मारणारी आहे, कंदील वर ओढून घ्यायचा आणि आणखी थांबायचे. ज्योत टिकली की मगच कमरेला दोर बांधून माणूस उतरे, आणि वर दुसरा माणूस तो दोर हातात धरून बसलेला असे. हमालांपैकी कोणी घाई केली की वडील ओरडत, पण ते कधी चिडून ओरडत नसत. भीतीने ओरडत, हे मला फार उशिरा कळले.

आता माझ्या पेवाकडे येतो. १९७२ साली, दुष्काळाच्या त्या वर्षी, मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात एक ऐतिहासिक नाटक बसवले होते आणि त्यात लढाईला निघालेल्या मुलाला निरोप देणाऱ्या आईचे काम मला मिळाले. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा पहिला प्रयोग केला, त्या सांगलीच्या परिसरात पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. ती परंपराच होती. पण परंपरेचा अभिमान सभागृहात असतो, गल्लीत नसतो. माझे काम चांगले झाले. पुढे बसलेल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि रंगमंचावर मीही खराखुरा रडत होतो. आपल्याला हे येते, हे आपले आहे, असे मला त्या पंधरा मिनिटांत जितके वाटले तितके नंतर कधी वाटले नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझे नाव ‘मावशी’ पडले. वर्गातला एक मुलगा रोज विचारी, “साडी आणून देऊ का?” वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की उद्यापासून शाळा सुटल्यावर पेठेत यायचे. मी पेठेत जाऊ लागलो, पोत्यांना हात लावू लागलो, आवाज मुद्दाम जाड काढू लागलो, आणि आतला तो रडू शकणारा मुलगा तोंड बंद करून मातीखाली लोटून दिला. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मी पुढे किमान तीस वर्गांना अर्थासहित शिकवली असेल. मुठीत लाख आहेत की निखारा, हे मुठीबाहेरून कळत नाही, असे एकाही वर्गाला सांगितले नाही.

गाडलेली गोष्ट गप्प बसत नाही, आणि ती निघते ती बहुधा दुसऱ्याच्या अंगावर निघते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना आमच्याकडे येणारे कुत्र्याचे एक पिल्लू रस्त्यावर गाडीखाली गेले. तो दारात बसून रडत होता. घरी पाहुणे होते. मी त्याच्याकडे पाहून सर्वांदेखत म्हणालो, “साडी आणून देऊ का?” शब्दही तेच, काना-मात्रेचाही फरक नाही. पाहुणे हसले, मीही हसलो. त्यानंतर माझ्या मुलाला रडताना मी पाहिलेले नाही. २०११ साली माझी आई गेली, जिच्या कुशीत तो वाढला, तेव्हाही नाही. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना हात अडखळतो. वर्गातही मऊ आवाजाच्या, पटकन डोळे भरणाऱ्या मुलांवर माझा राग अकारण निघत असे. त्यांना ‘घट्ट करणे’ हे आपले कर्तव्य आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) यांनी या गोष्टीला ‘सावली’ असे नाव दिले होते, हे मला निवृत्तीनंतर कळले. स्वतःविषयी जे चित्र आपण जगापुढे धरतो त्यात न बसणारे सगळे आपण मागे ढकलतो, आणि ते मागे राहिलेले सगळे मिळून आपली सावली होते, असा साधारणपणे त्यांचा विचार आहे. त्यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की सावलीत वाईटच असते असे नाही. आपल्या घरात, गल्लीत ज्याला किंमत नव्हती असा चांगला गुणही तिथे जाऊन पडतो. दुसरी अशी की स्वतःत जे पाहवत नाही ते आपल्याला समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसू लागते आणि मग त्याला शिक्षा करण्यात मोठे समाधान वाटते. पुरवणीतल्या लेखांत ही दुसरी गोष्ट मला कुठेच आढळली नाही, आणि माझ्या मते सगळे प्रकरण तिथेच आहे. मी मनातून काढून टाकलेल्या गोष्टीची किंमत मी एकट्याने दिलेली नाही. माझ्या मुलाने दिली.

हद्दपारी का साधत नाही, याचा एक साधा प्रयोग १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. विद्यार्थ्यांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि तरीही आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढे तीच मनाई उठवल्यावर, आधी दाबून धरणाऱ्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा येऊन गेले. ‘वाईट विचार मनात आणू नका’ असे जपमाळेसारखे सांगणाऱ्या लेखकांनी हा प्रयोग एकदा घरी करून पाहावा; त्याला घंटीही लागत नाही.

ऑगस्ट २०१९ मधला महापूर आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली होती. आमचे गावभागातले घर पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर मुलगा पुण्याहून आला आणि आम्ही दोघे चिखल काढू लागलो. कपाटावर ठेवलेली लोखंडी ट्रंकही भिजली होती आणि तिच्यातले फोटो एकमेकांना चिकटून त्यांचे वीटभर जाड ढेकूळ झाले होते. मुलगा ओसरीत बसून ब्लेडने एकेक फोटो सोडवत होता आणि कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालत होता. एक फोटो त्याने हातात धरून बराच वेळ पाहिला. नऊवारी, नाकात नथ, खोप्यावर वेणी, आणि डाव्या गालावर पाण्याने उठलेला पांढरा डाग.

“अप्पा, ही कोण?”

“माझी चुलत आत्या,” मी म्हणालो. “फार लवकर गेली.”

त्याने तो फोटो इतरांच्या रांगेत चिमट्याला लावला आणि पुढचा सोडवायला घेतला. एकसष्टाव्या वर्षी, घरात पुरुषभर पाणी येऊन गेलेले, पुस्तके गेलेली, धान्य गेलेले, आणि मी वाचवले काय, तर एक खोटे.

पुरानंतर पावसाचा आवाज आला की मी रात्री दचकून उठत असे. पत्नीच्या आग्रहावरून मिरजेतील एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या, झोप सुधारली, पण तिसऱ्या भेटीत त्यांनी सहज विचारले, “पुराच्या आधी झोप कशी होती?” ती गेली वीस-पंचवीस वर्षे नीट नव्हती, हे मी तोपर्यंत कोणालाच, स्वतःलाही, सांगितले नव्हते. त्यांनी मला ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, जे कोणाला सांगितले नाही ते लिहायला सांगितले. शुद्धलेखन पाहायचे नाही, कोणाला दाखवायचे नाही. या पद्धतीचा पहिला अभ्यास जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. असे लिहिणारे विद्यार्थी लिहिताना आणि त्यानंतर लगेच अधिक खिन्न होत, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या, असे त्यात दिसले होते. माझ्याकडे उत्तरपत्रिकांची उरलेली कोरी पाने शिवून केलेली वही होती. पहिल्या दिवशी मी समास आखला, शीर्षक घातले, प्रस्तावना लिहिली आणि शेवटी लाल पेनाने स्वतःचेच ऱ्हस्व-दीर्घ तपासले. सवय. दुसऱ्या दिवशी पेठ, वडील, हळद यांवर पान भरले. तिसऱ्या दिवशी “साडी आणून देऊ का” हे वाक्य कागदावर उतरले आणि ते मी कोणाचे म्हणून लिहितो आहे, त्या वर्गातल्या मुलाचे की माझे, हे मला ठरवता येईना. त्या दिवशी पंधरा मिनिटांवर थांबलो नाही.

दिवाळीत मुलगा आला तेव्हा ओसरीवर बसून त्याला म्हटले, तो फोटो आत्याचा नव्हता. तो म्हणाला, “माहीत आहे. मागे पेन्सिलीने तुमचं नाव होतं, आणि साल.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुम्ही आत्या म्हणालात. म्हटलं, असू दे आत्या.”

थोड्या वेळाने त्याने काम कोणते होते ते विचारले. मी सांगितले. त्या पिल्लाच्या दिवसाविषयी मी क्षमा मागितली तेव्हा मात्र तो लगेच काही बोलला नाही. “ते मी विसरलेलो नाही,” एवढेच म्हणाला आणि कप उचलून आत गेला. वाचकांना इथे गळाभेट अपेक्षित असेल तर ती झाली नाही. पण आता तो फोनवर “बरं आहे” याखेरीजही काही बोलतो, आणि मध्यंतरी एकदा नोकरीतल्या अपमानाविषयी सांगताना त्याचा आवाज फुटला. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. माझ्या हिशेबी हे पुष्कळ आहे.

स्वीकार म्हणजे परवानगी नव्हे, एवढे मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण या शब्दाचा दुसऱ्या टोकालाही दुरुपयोग होतो. “मी तोंडाचा फटकळ, पण मनात काही नसतं” असे म्हणत चार माणसांना रोज घायाळ करणारे गृहस्थ आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. ते स्वतःला स्वीकारत नसतात, दुसऱ्याने आपल्याला सोसावे अशी सोय करून घेत असतात. आपल्यात राग आहे हे ओळखणे आणि तो बायकोमुलांवर काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किंबहुना ओळख पटली की काढण्याची गरज कमी होते, असा माझा अनुभव आहे. धाकट्या भावाच्या बंगल्याविषयी मला असूया वाटते, हे मी अलीकडे पत्नीपाशी कबूल केले. ती म्हणाली, ते तर पंधरा वर्षांपासून सगळ्यांना दिसते आहे. तेव्हापासून त्याच्या घरी जेवण गोड लागते.

आणि घाईविषयी. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि त्यातली हळद नासली. त्यानंतर ती जुनी पद्धत मागे पडत गेली आणि माल गोदामांत, शीतगृहांत जाऊ लागला. पेव तेव्हाही उघडलेच, पण पुराने उघडले. माणसांचेही असे होते. दारूच्या बैठकीत, वाटणीच्या भांडणात, मयताच्या घरी एकदम सगळे बाहेर पडते, आणि त्यातून कोणी बरे झाल्याचे मी पाहिलेले नाही. ज्यांच्या आत लहानपणी झालेला अत्याचार किंवा जिवावर उठलेले दुःख आहे त्यांनी वही-पेन घेऊन एकट्याने उतरू नये. वर दोर धरणारा माणूस हवा, आणि तो जाणता हवा. मानसोपचाराला गेलो तर गावभर होईल ही भीती मलाही होती. मी मुद्दाम सांगलीऐवजी मिरजेला गेलो ते त्यापायीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, हे तेव्हा मला कोणी सांगितले असते तर रिक्षाचे भाडे तरी वाचले असते. ज्यांना दवाखान्याची पायरी चढणेच जड वाटते त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक आपण पुरवणीच्या प्रत्येक अंकात ठळक छापावा, ही विनंती.

आणखी एक विनंती आहे. पुरवणीत येणारी ‘अमुक दिवसांत नकारात्मकतेपासून मुक्ती’ अशा थाटाची शीर्षके कृपया थांबवावीत. त्याऐवजी सामान्य वाचकांनी निनावी लिहिलेल्या, न संपलेल्या हकिगतींना महिन्यातून एकदा अर्धे पान द्यावे. जाणकाराने त्यावर चार ओळी लिहाव्यात, उपदेश नको. आमराईत सकाळी फिरायला येणारे आम्ही पंधरा-वीस निवृत्त लोक रोज तासभर राजकारणावर बोलतो. गेल्या महिन्यात मी धीर करून हा नाटकाचा किस्सा तिथे सांगितला. दोघे हसले. एक जण, आयुष्यभर पोलीस खात्यात काढलेले, काहीच बोलले नाहीत. पण परतताना हरिपूर रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले, जे त्यांच्या वाटेवर नाही. त्यांनी काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. उद्या बहुधा ते पुन्हा येतील.

शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस जवळ येत आहेत, म्हणून माझ्या व्यवसायबंधूंसाठी एक ओळ: एखाद्या मुलाने स्त्रीची भूमिका चांगली केली, किंवा एखादी मुलगी रांगडेपणाने बोलली, तर दुसऱ्या दिवशी वर्गात काय बोलले जाते तिकडे लक्ष असू द्यावे. नाटकाच्या दिवशी शिक्षक हजर असतात. मुलाला गरज दुसऱ्या दिवशी असते.

पत्र छापण्यायोग्य वाटल्यास छापावे, मात्र माझे नाव छापू नये. मुलाची आणि पत्नीची हरकत नाही, त्यांनी हे पत्र वाचले आहे. परंतु त्या गल्लीतली माणसे अजून आहेत, भावाच्या बंगल्याचा मजकूरही भावाने वाचलेला नाही, आणि तिथवर माझा कंदील अजून पोहोचलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
गावभाग, सांगली